दोस्त राष्ट्रांची दोस्ती : शीतयुद्धाचं बी युद्धातच कसं पडलं?



नववीच्या राज्यशास्त्रात शीतयुद्ध येतं. मी प्राथमिकची शिक्षिका, पण आमच्या शाळेतून हायस्कूलला गेलेली मुलं सुट्टीत भेटायला आली की हा प्रश्न हमखास निघतो. "बाई, अमेरिका आणि रशिया हिटलरविरुद्ध एकाच बाजूने लढले होते ना? मग युद्ध संपल्यावर लगेच भांडले कसे?"

प्रश्न अगदी रास्त आहे. गाईडमध्ये त्याचं उत्तर एका ओळीत उरकलेलं असतं : युद्धानंतर दोन महासत्तांमध्ये वैचारिक मतभेद निर्माण झाले. ही ओळ पाठ केली की मार्क मिळतात. पण ती वाचून मुलांना वाटतं की मे १९४५ पर्यंत सगळं गोडीगुलाबीचं होतं आणि नंतर एकदम काहीतरी बिनसलं. तसं झालेलं नाही. मतभेद युद्धाच्या आधीपासूनचे होते. हिटलर नावाच्या संकटाने ते काही काळ झाकले गेले. झाकून ठेवण्यासाठी जे सौदे करावे लागले, त्या सौद्यांवरूनच पुढे भांडण पेटलं. हा भाग मुलांना कळला तर शीतयुद्धाचा धडा पाठ करावा लागत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहिते आहे.

मुळात एकत्र आले कसे?

सुरुवात १९३९ पासून करा. २३ ऑगस्ट १९३९ रोजी हिटलरचा जर्मनी आणि स्टॅलिनचा सोव्हिएत रशिया यांनी अनाक्रमण करार केला. त्याला एक गुप्त भाग जोडलेला होता आणि त्यात पूर्व युरोपची वाटणी ठरली होती. १ सप्टेंबरला जर्मनी पश्चिमेकडून पोलंडमध्ये शिरला, १७ सप्टेंबरला रशिया पूर्वेकडून. पोलंडसाठी ब्रिटनने युद्ध पुकारलं आणि त्याच पोलंडचा अर्धा भाग पुढे ब्रिटनचा दोस्त होणाऱ्या देशाने गिळला. हे वाक्य मुलांना दोनदा सांगा, कारण पुढची निम्मी गुंतागुंत इथेच आहे.

पुढची जवळजवळ दोन वर्षं रशियाकडून जर्मनीला धान्य आणि तेल जात होतं. मग २२ जून १९४१ ला हिटलरने रशियावरच हल्ला केला. त्याच दिवशी ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांनी रेडिओवरून रशियाला मदत जाहीर केली. हे चर्चिल कोण? रशियन क्रांतीनंतर बोल्शेविकांना चिरडायला सैन्य पाठवा म्हणणाऱ्यांत आघाडीवर असलेले. अमेरिकेची गोष्ट वेगळी नव्हती. तिने सोव्हिएत सरकारला मान्यता दिली तीच मुळी १९३३ मध्ये.

'अडला हरी गाढवाचे पाय धरी' ही म्हण इथे चपखल बसते. गंमत अशी की दोन्ही बाजूंना आपणच हरी आहोत असं वाटत होतं.

डिसेंबर १९४१ मध्ये ब्रिटिश परराष्ट्रमंत्री ईडन मॉस्कोला गेले. जर्मन फौजा मॉस्कोपासून अजून फार लांब गेलेल्या नव्हत्या. अशा वेळी स्टॅलिन यांनी काय मागावं? रणगाडे आणि विमानं तर मागितलीच, पण शिवाय असाही आग्रह धरला की जून १९४१ ची आमची सरहद्द तुम्ही मान्य करा. म्हणजे हिटलरशी करार करून मिळवलेला पोलंडचा भाग आणि बाल्टिक देश आमचेच म्हणा. युद्ध जिंकण्याची खात्री नसताना युद्धानंतरचा नकाशा टेबलावर आला होता.

दुसरी आघाडी : संशय इथे मुरला

हा भाग घाईने उरकू नका. स्टॅलिन यांची पश्चिमेकडे एकच मोठी मागणी होती : फ्रान्समध्ये सैन्य उतरवा, म्हणजे हिटलरला दोन बाजूंनी लढावं लागेल आणि आमच्यावरचा भार हलका होईल. जुलै १९४१ मध्येच त्यांनी चर्चिलना तसं पत्र लिहिलं. १९४२ च्या उन्हाळ्यात परराष्ट्रमंत्री मोलोतोव्ह वॉशिंग्टनला गेले. तिथून निघालेल्या पत्रकावरून कोणालाही वाटावं की १९४२ मध्येच दुसरी आघाडी उघडणार. ऑगस्टमध्ये मात्र चर्चिल स्वतः मॉस्कोला जाऊन सांगून आले की यंदा जमणार नाही. त्या वेळी जर्मन फौजा स्टॅलिनग्राडच्या दिशेने निघाल्या होत्या. १९४३ मध्येही तेच झालं. फ्रान्सऐवजी इटलीत सैन्य उतरलं. प्रत्यक्षात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांचे सैनिक उतरले ते ६ जून १९४४ ला. पहिल्या मागणीनंतर जवळपास तीन वर्षांनी.

ब्रिटन मुद्दाम टाळत होतं का? मला तसं सरसकट म्हणावंसं वाटत नाही. सैन्य किनाऱ्यावर उतरवायला लागणाऱ्या खास होड्या पुरेशा नव्हत्या. अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्यांचा धुमाकूळ होता. ऑगस्ट १९४२ मध्ये फ्रान्सच्या दिएप बंदरावर सुमारे ६,००० सैनिकांनी हल्ला करून पाहिला, तर निम्म्याहून जास्त मारले गेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. पहिल्या महायुद्धात एक अख्खी पिढी खंदकांत गमावलेली आठवण चर्चिलना होतीच.

पण मॉस्कोत बसून हे कसं दिसत असेल? तिथे रोज हजारो माणसं मरत होती. 'आम्हाला आणि जर्मनांना एकमेकांत झुंजवून दोघांनाही कमकुवत करायचं आणि शेवटी येऊन ताव मारायचा, हाच यांचा डाव दिसतो', असा संशय तिथे पक्का होत गेला. संपूर्ण युद्धात सोव्हिएत संघाची सैनिक आणि नागरिक मिळून सुमारे २ कोटी ७० लाख माणसं गेली. अमेरिकेची सुमारे ४ लाख. फळ्यावर हे दोन आकडे एकाखाली एक लिहा आणि थोडा वेळ काहीच बोलू नका. शून्य मोजताना मुलांनाच कळतं.

त्याच वेळी दुसरा आकडाही सांगायला हवा, नाहीतर गोष्ट एकतर्फी होईल. लेंड-लीज योजनेतून अमेरिकेने रशियाला सुमारे १,१०० कोटी डॉलरचा माल पाठवला. त्यात ट्रक आणि जीपच सुमारे ४ लाख होत्या. बर्लिनकडे धावणारी लाल सेना बऱ्याच अंशी अमेरिकन ट्रकवर बसून धावत होती. एकाने रक्त दिलं, दुसऱ्याने सामान दिलं आणि युद्धानंतर दोघांनाही वाटलं की आपलं ऋण समोरचा विसरला.

आणखी एक भीती दोन्हीकडे सारखीच होती, ती म्हणजे समोरचा हिटलरशी गुपचूप वेगळा तह करील की काय. १९३९ चा करार पाहिलेल्या पश्चिमेला ही भीती वाटणं साहजिक होतं. स्टॅलिन यांनाही ती वाटत होती. जानेवारी १९४३ मध्ये रुझवेल्ट आणि चर्चिल यांनी कासाब्लांका इथे 'जर्मनीची बिनशर्त शरणागतीच हवी' असं जाहीर केलं, त्यामागे रशियाला दिलासा देण्याचाही हेतू होता.

तेहरानच्या काड्या आणि मॉस्कोचा चिठोरा

तिघे प्रथम एकत्र भेटले ते तेहरानला, २८ नोव्हेंबर ते १ डिसेंबर १९४३. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट तिथे चक्क सोव्हिएत वकिलातीच्या आवारात उतरले होते. १९४४ च्या मे महिन्यात फ्रान्समध्ये उतरण्याचं वचन इथे पक्कं झालं. आणि इथेच चर्चिल यांनी तीन काड्यापेटीच्या काड्या टेबलावर ठेवून दाखवलं की अख्खा पोलंड पश्चिमेला कसा सरकवता येईल. पूर्वेची जमीन रशियाला, बदल्यात पश्चिमेकडे जर्मनीची जमीन पोलंडला. पोलंडचं सरकार तेव्हा लंडनमध्ये आश्रयाला होतं. त्याला कोणी विचारलं नाही.

९ ऑक्टोबर १९४४ ची मॉस्कोतली रात्र तर नाटकातल्या प्रवेशासारखी आहे. हा प्रसंग खुद्द चर्चिल यांनीच आपल्या आठवणींत लिहिला आहे. त्यांनी एका कागदावर देशांची नावं आणि टक्के लिहिले. रुमानियात ९० टक्के वजन रशियाचं. ग्रीसमध्ये ९० टक्के ब्रिटनचं. बल्गेरियात ७५ टक्के रशियाचं. युगोस्लाव्हिया आणि हंगेरी निम्मे-निम्मे. कागद स्टॅलिनकडे सरकवला. त्यांनी निळ्या पेन्सिलीने बरोबरची मोठी खूण केली. लाखो लोकांचं नशीब इतक्या सहज ठरवलं असं वाटेल, हा कागद जाळून टाकूया का, असं चर्चिल यांनी विचारलं. स्टॅलिन म्हणाले, नको, तुम्हीच ठेवा.

एखाद्या देशात '९० टक्के वजन' म्हणजे नेमकं काय, हे कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. पण दोघांनीही ते आपापल्या परीने पाळलं. डिसेंबर १९४४ मध्ये अथेन्सच्या रस्त्यांवर ब्रिटिश सैनिक ग्रीक कम्युनिस्टांशी लढले, तेव्हा स्टॅलिन गप्प राहिले. मार्च १९४५ मध्ये रशियाने रुमानियाच्या राजाला दरडावून आपल्या मर्जीतलं सरकार बसवायला लावलं, तेव्हा ब्रिटनला जोरात ओरडणं जड गेलं.

इथे आपल्याकडची एक आठवण सांगायलाच हवी. ऑगस्ट १९४१ मध्ये रुझवेल्ट आणि चर्चिल यांनी अटलांटिक सनद काढली होती. आपलं सरकार कसं असावं हे ठरवण्याचा हक्क प्रत्येक जनतेला आहे, असं त्या सनदेत म्हटलं होतं. पुढच्याच महिन्यात चर्चिल यांनी ब्रिटिश संसदेत खुलासा केला की हे हिटलरने गिळलेल्या देशांपुरतं आहे, भारताला लागू नाही. म्हणजे मोठी तत्त्वं एका बाजूला आणि टक्केवारीचा कागद दुसऱ्या बाजूला. हा खेळ एकटे स्टॅलिन खेळत नव्हते.

पोलंड, याल्टा आणि आपलं वळिवडे

सगळ्या भांडणाची गाठ पोलंडमध्ये होती. एप्रिल १९४३ मध्ये रशियातल्या कातिन जंगलात पोलिश अधिकाऱ्यांच्या सामूहिक कबरी सापडल्याचं जर्मनीने जाहीर केलं. १९४० मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांनी सुमारे २२,००० पोलिश अधिकारी आणि इतर कैद्यांना गोळ्या घातल्या होत्या. कातिन हे त्यातलंच एक ठिकाण. लंडनमधल्या पोलिश सरकारने रेडक्रॉसकडून चौकशीची मागणी केली, तर स्टॅलिन यांनी त्या सरकारशी संबंधच तोडले. ब्रिटन आणि अमेरिका दोस्ती तुटू नये म्हणून गप्प बसले. मॉस्कोने कबुली दिली ती १९९० मध्ये.

१ ऑगस्ट १९४४ ला वॉर्सामधल्या पोलिश भूमिगतांनी जर्मनांविरुद्ध उठाव केला. लाल सेना विस्तुला नदीच्या काठापर्यंत येत होती. उठाव ६३ दिवस चालला आणि चिरडला गेला. दीड ते दोन लाख नागरिक मेले. मदत टाकायला येणाऱ्या दोस्तांच्या विमानांना आपल्या तळांवर उतरू द्यायला स्टॅलिन कित्येक आठवडे नकार देत राहिले. ही विमानांची गोष्ट लंडन आणि वॉशिंग्टनमध्ये अनेकांच्या मनात सलत राहिली.

अशा पार्श्वभूमीवर ४ ते ११ फेब्रुवारी १९४५ ला याल्टा परिषद झाली, क्रायमियातल्या लिवाडिया राजवाड्यात. त्या दिवशी कोणाचं सैन्य कुठे होतं, हे नकाशावर दाखवल्याशिवाय याल्टा शिकवू नये. लाल सेना संपूर्ण पोलंड ओलांडून बर्लिनपासून साधारण ६५ किलोमीटरवर पोचली होती. ब्रिटिश-अमेरिकन फौजांनी अजून ऱ्हाईन नदीही ओलांडली नव्हती. शिवाय जपानशी लढाई बाकी होती आणि त्यात रशियाची मदत रुझवेल्टना हवी होती. जर्मनी हरल्यावर दोन-तीन महिन्यांत आपण जपानविरुद्ध उतरू, असं वचन स्टॅलिन यांनी दिलं. बदल्यात दक्षिण साखालिन आणि कुरील बेटं मागून घेतली. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेतल्या नकाराधिकारावरही इथेच एकमत झालं.

पोलंडबद्दल ठरलं ते असं : पूर्व सरहद्द कर्झन रेषेजवळ, म्हणजे पूर्वेचा मोठा प्रदेश रशियाला. रशियाने बसवलेलं सरकार 'व्यापक पायावर' पुन्हा रचायचं आणि लवकरात लवकर मुक्त निवडणुका घ्यायच्या. शब्द छान होते. पण देखरेख कोण करणार, 'लवकर' म्हणजे कधी, हे सैलच ठेवलं. रुझवेल्ट यांचे सल्लागार अ‍ॅडमिरल लीही यांनी तेव्हाच त्यांना बजावलं होतं की हा मसुदा रबरासारखा हवा तेवढा ताणता येईल. रुझवेल्ट यांनाही ते कळत होतं. निवडणूक झाली ती जानेवारी १९४७ मध्ये, दडपशाही आणि गैरप्रकारांसह.

'याल्टाला पोलंड विकला' असं काही जण म्हणतात. माझ्या मते पोलंड तोवर लाल सेनेच्या हातात गेलेलाच होता. याल्टाला त्याची फक्त पावती फाडली गेली. अर्थात ज्याचं घर गेलं त्याला हा फरक सांगून काय उपयोग, हाही प्रश्न आहेच.

आणि अशी घरं गेलेली माणसं आपल्या कोल्हापूरजवळ राहत होती. १९४० आणि ४१ मध्ये रशियाने पूर्व पोलंडमधून लाखो लोकांना सैबेरिया आणि कझाकस्तानला नेऊन टाकलं होतं. हिटलरने रशियावर हल्ला केल्यावर, जुलै १९४१ मध्ये पोलंड-रशिया समझोता झाला आणि त्यांच्यातल्या अनेकांची सुटका झाली. १९४२ मध्ये त्यांतले बरेच जण इराणमध्ये आले आणि तिथून काही कुटुंबं भारतात. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी होती. बहुतेक बायका आणि मुलं. त्यांच्या शाळा तिथे भरत, त्यांचं चर्च तिथे होतं. आपलं गाव एक दिवस परत मिळेल या आशेवर ही माणसं होती. याल्टाच्या निर्णयाने त्यांची गावं दुसऱ्या देशात गेली. जुलै १९४५ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली, म्हणजे ज्या सरकारकडे ही माणसं बघत होती तेही गेलं. पुढे काही जण नव्या पोलंडला गेले. अनेकांनी ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा असे देश धरले. छावणीच्या जागेवर फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर वसलं. आज आपण कापड घ्यायला जातो तेच हे गांधीनगर. कोल्हापुरात महावीर गार्डनमध्ये या पोलिश लोकांचं स्मारक आहे आणि वॉर्सामध्येही वळिवडे-कोल्हापूर छावणीची आठवण जपली आहे. त्या बाजूच्या शिक्षकांनी सहल काढली तर याल्टाचा धडा पुस्तकाबाहेर पडेल.

पॉट्सडॅम : माणसं बदलली, बॉम्ब आला

१२ एप्रिल १९४५ ला रुझवेल्ट गेले. ट्रुमन राष्ट्राध्यक्ष झाले. ते उपाध्यक्षपदी जेमतेम ८२ दिवस होते आणि अणुबॉम्बच्या कामाचा तपशील त्यांना अध्यक्ष झाल्यावरच कळला. मे महिन्यात जर्मनी शरण आल्याबरोबर अमेरिकेने लेंड-लीजची मदत तडकाफडकी थांबवली. निघालेली जहाजं मागे बोलावली. आदेश नंतर सौम्य केला, पण मॉस्कोत व्हायचा तो परिणाम झालाच.

१७ जुलै ते २ ऑगस्ट बर्लिनजवळ पॉट्सडॅमला परिषद झाली. मध्येच ब्रिटनच्या निवडणुकीत चर्चिल हरले आणि त्यांच्या खुर्चीवर अ‍ॅटली येऊन बसले. तेहरानच्या तिघांपैकी एकटे स्टॅलिन उरले. परिषदेच्या आदल्याच दिवशी अमेरिकेने अणुबॉम्बची पहिली चाचणी केली होती. २४ जुलैला ट्रुमन सहज बोलल्यासारखं स्टॅलिनना म्हणाले की आमच्याकडे विलक्षण संहारक नवं अस्त्र आहे. स्टॅलिन शांत राहिले. ट्रुमनना वाटलं यांना समजलंच नाही. खरं तर हेरांकडून स्टॅलिनना त्या कामाची माहिती आधीच मिळत होती. एकजण अर्धंच सांगतो, दुसरा माहीत असून माहीत नसल्यासारखं दाखवतो. शीतयुद्धातली पुढची चाळीस वर्षं या दोन मिनिटांत दिसतात.

६ ऑगस्टला हिरोशिमा. ८ ऑगस्टला, जर्मनीच्या शरणागतीनंतर बरोबर तीन महिन्यांनी, रशियाने जपानविरुद्ध युद्ध पुकारलं. ९ ला नागासाकी. जपानचा उत्तरेकडचा तुकडा आपल्याला ताब्यात हवा अशी मागणी स्टॅलिन यांनी केली, ट्रुमन यांनी ती फेटाळली. कोरिया मात्र ३८ अक्षांशावर दोघांत वाटला गेला. तात्पुरती म्हणून केलेली ती वाटणी अजून कायम आहे.

यापुढचा भाग पुस्तकात आहेच, त्यामुळे मी पळत जाते. मार्च १९४६ मध्ये चर्चिल यांचं 'पोलादी पडद्या'चं भाषण, मार्च १९४७ मध्ये ट्रुमन सिद्धान्त, जूनमध्ये मार्शल योजना, १९४८-४९ ची बर्लिनची नाकेबंदी, एप्रिल १९४९ मध्ये नाटो, ऑगस्ट १९४९ मध्ये रशियाची अणुचाचणी.

मग चूक कोणाची?

मुलं हे विचारणारच. अभ्यासकांमध्येही एकमत नाही. कोणी स्टॅलिनकडे बोट दाखवतं, कोणी अमेरिकेच्या बाजारपेठेच्या भुकेकडे, कोणी दोघांच्या गैरसमजांकडे. मी वर्गात एवढं सांगते : तीस वर्षांत दोनदा पश्चिमेकडून आक्रमण झालेल्या रशियाची भीती खोटी नव्हती. पण स्वतःच्या सुरक्षिततेसाठी शेजाऱ्याचं घर बळकावण्याचा हक्क भीतीमुळे मिळत नाही. आणि शेजाऱ्याच्या बाजूने बोलणारे तरी स्वतःच्या वसाहती कुठे सोडत होते?

उपक्रम म्हणून वर्गात तीन मुलांना टेबलाशी बसवा आणि प्रत्येकाला गुप्त चिठ्ठी द्या. अमेरिकेच्या चिठ्ठीत : जपानविरुद्ध मदत आणि संयुक्त राष्ट्रं हवीत. ब्रिटनच्या : पोलंडची निवडणूक, ग्रीस आणि साम्राज्य टिकवायचं. रशियाच्या : पोलंड आपल्या कह्यात, जर्मनीकडून भरपाई. चौथ्या मुलाला पोलंड करा आणि वर्गाच्या दाराबाहेर उभं करा. दहा मिनिटांत तिघांनी एका कागदावर सही करायची. मग पोलंडला आत बोलावून तो कागद मोठ्याने वाचायला द्या. दोन तासिका लागतात, तेवढ्या ठेवा.

फोटो दाखवताना एक गोंधळ टाळा. तिघे खुर्च्यांवर बसलेले दोन फोटो इंटरनेटवर सारखेच वाटतात. डावीकडे स्टॅलिन, मध्ये रुझवेल्ट आणि उजवीकडे चर्चिल असतील तर तो तेहरानचा. डावीकडे चर्चिल, मध्ये अंगावर झूल घेतलेले, थकलेले रुझवेल्ट आणि उजवीकडे स्टॅलिन असतील तर याल्टाचा. ट्रुमन दिसले की पॉट्सडॅम.